खारफुटीची रोपे आणि एक जुना गैरसमज
खारफुटीची जितकी अधिक रोपे लावावीत तितके किनाऱ्यावरील वन लवकर परत येते, हा अनेक वर्षे रुजलेला समज चुकीचा आहे. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर, भरतीच्या वरच्या पट्ट्यात वाढते. त्याखालच्या उघड्या चिखलात, केवळ जागा मोकळी दिसते म्हणून लावलेली रोपे दीर्घकाळ पाण्याखाली राहून मरतात आणि पाणपक्ष्यांचे चरण्याचे ठिकाणही हिरावले जाते, ज्याची दखल, खेदाची गोष्ट म्हणजे, फारशी घेतली जात नाही. इंडोनेशियातील तानाकेके बेटावर वापरात नसलेल्या मत्स्यतळ्यांचे बांध गावकऱ्यांनी फोडले, भरतीच्या पाण्याला वाट दिली आणि पाण्याबरोबर आलेले बीजांकुर तेथे आपसूक रुजले. लागवडीची खरी गरज जवळपास बीज देणारी झाडेच उरली नसतील तेव्हा भासते.