अ‍ॅलर्जी: पहिली खेप शांत, दुसरी का नाही?

1902 साली फ्रेंच संशोधक शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए सी-अ‍ॅनिमोन या समुद्री जीवाचे विष कुत्र्यांना टोचत होते. थोड्या थोड्या विषाने अंगात प्रतिकार तयार होईल, असा हिशेब होता. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. 22 दिवसांनी तो ठणठणीत असताना तेवढाच डोस पुन्हा दिला, तर 25 मिनिटांत तो गेला. संरक्षणाच्या नेमके उलटे घडले, म्हणून या जीवघेण्या प्रतिक्रियेला नाव मिळाले 'अ‍ॅनाफिलॅक्सिस'.

1906 मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. आज तो वाटेल त्या त्रासाला चिकटवला जातो. पिर्के यांचा मुद्दा नेमका होता: पदार्थ तोच राहतो, बदलते ते शरीर.

शरीरात बदलते काय, याचा धागा 1921 मध्ये हाती लागला. जर्मन डॉक्टर हाइन्झ क्युस्टनर यांना मासे खाल्ले की त्रास होई. त्यांचे सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांधी उठली. म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी होता. हा 'कशात तरी' शोधायला आणखी 45 वर्षे गेली, कारण रक्तात तो अत्यल्प असतो. 1966-67 मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे तो ओळखला. 1968 मध्ये नाव ठरले: आयजीई, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ई, एक प्रतिपिंड (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारे रक्तातले प्रथिन).

आता नेपच्यूनचे कोडे सुटते. पहिल्या खेपेला परके प्रथिन आत आले की बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशी आयजीई प्रतिपिंडे बनवतात. त्याला काही आठवडे लागतात. रक्तात ती दोनेक दिवसांत निम्मी होतात, पण त्वचा, श्वासनलिका आणि आतड्यांतल्या मास्ट पेशींना (हिस्टामिनसारखी रसायने कणांत साठवणाऱ्या पेशींना) चिकटली की कित्येक आठवडे टिकतात. बाहेरून माणूस अगदी निरोगी दिसतो. दुसऱ्या खेपेला तेच परके प्रथिन शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र जोडते आणि मास्ट पेशी आपले कण रिते करते. हिस्टामिन मिनिटांत बाहेर पडते: खाज, गांधी, सूज. पाठोपाठ ल्युकोट्रिन ही दुसरी रसायने तयार होतात, श्वासनलिका आवळते. 4 ते 8 तासांनी कधी दुसरी लाटही येते.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये हिस्टामिनविरोधी गोळीवर विसंबणे घातक ठरते ते यामुळेच. ती फक्त हिस्टामिनला अडवते, तेही सावकाश. आवळलेला श्वास आणि कोसळलेला रक्तदाब तिला सावरता येत नाही. तिथे पहिले औषध अ‍ॅड्रेनालिनच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, दर किलो वजनाला 0.01 मिलिग्रॅम, प्रौढांना जास्तीत जास्त 0.5 मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर 5 मिनिटांनी पुन्हा.