व्यापारी प्रघाताचा बचाव (दिवाळखोरी कायदा)

दिवाळे निघण्याच्या बेतात असलेल्या ऋणकोने एखाद्याच धनकोचे देणे भागवले, तर ती रक्कम सर्वांच्या वाटणीसाठी परत मागता येते. त्यावर ‘या धंद्यात पैसे याच रीतीने, याच मुदतीत येतात’ असे धनकोने पुराव्यानिशी दाखवणे, हा व्यापारी प्रघाताचा बचाव होय. सोलापुरात तो मुख्यतः सूत व्यापारी आणि चादर-टॉवेल कारखानदार यांच्यातील उधारीपुरता महत्त्वाचा आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत धनको अनेक असल्यास कर्ज घेतल्याच्या क्रमाने फेड सांगितली आहे. त्यात या तत्त्वाचे बीज शोधणे ओढाताणीचे ठरेल. तिथे क्रम आहे, समान वाटणी नाही. इंग्लंडमध्ये 1570-71 च्या कायद्यात प्रमाणशीर वाटणी आढळते. परंतु पक्षपाती फेडीचा (एकाच धनकोला झुकते माप देणाऱ्या फेडीचा) सिद्धांत इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या ‘ऑल्डरसन विरुद्ध टेम्पल’ (1768) या निकालापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यापारातील रूढी जाणून घेण्यासाठी व्यापाऱ्यांनाच ज्यूरीत बसवणारे न्यायाधीशही तेच.

सोलापुरात दोन कायद्यांचा विचार करावा लागतो. यंत्रमाग एकट्या मालकाच्या नावावर असेल, तर प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 लागू होतो व प्रकरण साधारणतः जिल्हा न्यायालयात जाते. कलम 54 नुसार नादारीच्या अर्जाआधीच्या तीन महिन्यांतील फेडीपुरती मर्यादा असून झुकते माप देण्याचा हेतू दिसावा लागतो. प्रघात तिथे स्वतंत्र बचाव नव्हे. हेतू नव्हता, याचा तो पुरावा. कंपनी असल्यास नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 चे कलम 43 लागते. त्यात हेतू गौण आहे. मागे एक वर्षापर्यंत, संबंधित व्यक्तींबाबत दोन वर्षांपर्यंतचे व्यवहार पाहिले जातात. नित्य व्यवहाराची (धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेल्या फेडीची) सूट ऋणको ‘किंवा’ स्वीकारणाऱ्याच्या धंद्याला असल्याचे मूळ शब्द सांगतात. जेपी इन्फ्राटेक प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने हा ‘किंवा’ ‘आणि’ असा वाचला, म्हणजे फेड दोघांच्याही धंद्यात नित्याची हवी. त्यामुळे नुसत्या बाजाराच्या रीतीवर भागत नाही. अमेरिकेत नेमके उलटे घडले: 2005 च्या दुरुस्तीने ‘आणि’चा ‘किंवा’ झाला आणि उद्योगातील प्रचलित अटी हा स्वतंत्र बचाव बनला.

समजा, टॉवेल कंपनी सूत व्यापाऱ्याला दोन वर्षे बिलापासून 55 ते 70 दिवसांनी पैसे देत आली. शेवटच्या महिन्यात व्यापाऱ्याने पुढची पोती अडवली आणि बाराव्या दिवशी आरटीजीएस जमा झाले. इतर व्यापारी बारा दिवसांत वसुली करतात, असे दलालाने शपथेवर सांगितले, तरी या दोघांच्या खात्यातली रीत मोडलेलीच दिसते. उलट 65 व्या दिवसाची फेड बरीच सुरक्षित. म्हणून प्रत्येक बिलाची तारीख व जमा तारीख यांतील अंतर काढून आधीचा काळ आणि अडचणीचा काळ शेजारी मांडणे, हे पुराव्याचे खरे काम. दलालाचा जबाब व इतरांच्या खतावण्या त्यानंतर. नियमित ठेवलेली खतावणी ग्राह्य असली, तरी केवळ तिच्यावर कोणाचे दायित्व ठरत नाही, हा 1872 च्या पुरावा कायद्यातील (कलम 34) दंडक भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्येही कायम आहे.

सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी कमाल 45 दिवसांत पैसे देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे. त्यापलीकडची उधारी बाजारात सर्रास चालत असली, तरी तिला ‘नित्य’ म्हणताना त्यामुळे अडचण येऊ शकते.