ब्रँडिश कॉर्नर: पडलेल्या स्वाराचं नाव मिळालेलं वळण

मे संपत आला की बेळगावातून वेंगुर्ला रोडला पहाटेच मोटारसायकलींची रांग लागते. शिनोळी, पाटणे फाटा मागे टाकून पोरं आंबोली गाठतात. आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकलींची शर्यतही नेमकी याच दिवसांत असते. घाटातल्या टपरीवर चहा येईपर्यंत मोबाइलवर तिची दृश्यं फिरतात आणि समालोचकाच्या तोंडून एक नाव पुन्हा पुन्हा कानावर पडतं: ब्रँडिश. बहुतेकांना ती एखादी जागा वाटते. पण तो एक माणूस होता.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात हे छोटं बेट आहे. १९०३च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वाहनाचा वेग ताशी २० मैलांवर बांधला गेला, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घेणं तिथं अशक्य झालं. बेटाची स्वतःची संसद आहे, टिनवॉल्ड. तिने १९०४ साली कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवायला परवानगी दिली. १९०७ची पहिली टीटी सेंट जॉन्स गावाजवळच्या सुमारे १६ मैलांच्या फेरीवर झाली. १९११ साली ती डोंगरावरच्या मोठ्या फेरीवर गेली आणि आजही तिथंच होते. ही फेरी जवळपास ६० किलोमीटरची असून तिला दोनशेहून जास्त वळणं आहेत.

स्नेफेल हा तिथला सर्वांत उंच डोंगर ६२१ मीटरचा. आपलं बेळगाव शहरच सुमारे साडेसातशे मीटरवर वसलेलं आहे, म्हणून हा आकडा किरकोळ वाटेल. पण रॅम्सी गाव समुद्राकाठी आहे आणि तिथून रस्ता एकदम चढू लागतो. सावंतवाडीकडून आंबोली चढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चामड्याच्या पट्ट्यावर चालणाऱ्या त्या काळच्या गाड्यांची या चढावर दमछाक झाली. १९११च्या सीनियर टीटीत, म्हणजे टीटीतल्या मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत, साखळी आणि दोन गिअर असलेल्या ‘इंडियन’ गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. नाव इंडियन असलं तरी कंपनी अमेरिकेची. आपल्याकडे यात अजूनही गल्लत होते.

वॉल्टर ब्रँडिश १९२२च्या सीनियर टीटीत ट्रायम्फवर धावला. हॅरी रिकार्डो या इंजिनतज्ज्ञाने आखलेलं तिचं ५०० सीसीचं इंजिन एकाच सिलिंडरचं होतं, पण त्याला चार व्हॉल्व्ह होते. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर हेडवर हात काळे केलेल्यांना तिचं मोल लगेच कळेल. सनबीमवरचा अ‍ॅलेक बेनेट ताशी ५८ मैलांच्या सरासरीने जिंकला आणि ब्रँडिश दुसरा आला. पुढच्या वर्षी त्याच्याकडून मोठी अपेक्षा असणार हे उघड होतं.

१९२३च्या सरावात, पस्तिसाव्या मैलाजवळच्या डाव्या वळणावर तो पडला. पाय मोडला आणि त्या वर्षीची शर्यत हुकली. क्रेग-नी-बा खानावळीजवळचं वळण ओलांडलं की रस्ता सरळ उताराला लागतो, गाडी भरधाव सुटते आणि त्या वेगातच हे वळण समोर येतं. घाट उतरताना लांब सरळ पट्ट्यानंतर येणारं वळण फसवतं, हा अनुभव चोर्ला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीशी असतो. लोक त्या जागेला ब्रँडिश म्हणू लागले, आणि नाव कायमचं बसलं.

मला हे नाव फार जवळचं वाटतं. विजेत्यांची नावं चषकावर कोरली जातात, पण इथं दुसऱ्या आलेल्या आणि नंतर पडलेल्या माणसाची आठवण रस्त्यानेच जपली. आपल्या घाटांत वळणाला धबधब्याचं, देवळाचं नाहीतर झाडाचं नाव असतं, स्वाराचं सहसा नसतं. त्या बेटावर मात्र पुढे तशी रीतच पडली. वॉल हँडली १९३२ साली जिथं पडला ते हँडलीज कॉर्नर झालं, बिल डोरन १९५० साली जिथं पडला ते डोरन्स बेंड.

सगळेच ब्रँडिशसारखे पाय मोडण्यावर सुटले नाहीत. त्या काळी सरावाच्या वेळी रस्ते बंदच नसत. १९२७ साली कर्क मायकेल गावात सराव करताना आर्ची बर्किनसमोर मासळीची गाडी आली आणि त्याचा जीव गेला. १९२८पासून सरावालाही रस्ते बंद होऊ लागले. त्या जागेला आता बर्किन्स बेंड म्हणतात. या एका फेरीवर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचा जीव गेला आहे. टपरीवर दृश्यं पाहताना हा आकडा विसरू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण परत येताना आपल्या रस्त्यावर समोरून एसटी येते, उसाची ट्रॉली येते.

ब्रँडिश कॉर्नर आता १९२३चं राहिलेलं नाही. या शतकात तिथला रस्ता रुंद केला, वळणाचा बाक सैल केला, त्यामुळे वेग खूपच वाढला. २०२३ साली पीटर हिकमनने पूर्ण फेरी ताशी १३६ मैलांच्या सरासरीने काढली, म्हणजे जवळपास २१९ किलोमीटर. ब्रँडिशनंतर हिलबेरी, क्रॉंक-नी-मोना, साइनपोस्ट, गव्हर्नर्स ब्रिज, आणि मग ग्लेनक्रचरी रोडवरची शेवटची रेषा. तो जिथं पडला तिथून ती जेमतेम तीन मैलांवर आहे.