बॅकअप आणि फॉरमॅट (संगणक)

हार्ड डिस्कवरील फायलींची प्रत वेगळ्या साधनावर काढून ठेवणे म्हणजे बॅकअप, आणि डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था नव्याने मांडणे म्हणजे फॉरमॅट. मुंबईत याला सर्रास ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात व विंडोज पुन्हा टाकणेही त्यात धरले जाते. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाच्या दुकानांची दाटी आहे. पण तेथे यंत्र नेण्याआधी बॅकअपचे काम मालकानेच उरकलेले बरे.

‘क्विक फॉरमॅट’मध्ये फायलींची अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते. मजकूर जागेवरच असतो, त्यामुळे त्या डिस्कवर पुढे काही लिहिले नाही तर बराचसा डेटा परत मिळू शकतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहीत जाते, आणि त्यानंतर आशा उरत नाही.

‘डी ड्राइव्हवर ठेवले आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज सर्वांत घातक. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या वास्तूत हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. अशा वेळी संगणकाशेजारच्या कपाटातली प्रतही वाचत नाही. पेनड्राइव्हवर फायली ठेवण्याची व्यवस्था एफएटी३२ या जुन्या पद्धतीची असल्यास ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर उतरत नाही, हेही आधी पाहावे.

मराठी मजकुराची एक अडचण वेगळीच आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या फायली त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत, आणि फॉन्ट तर सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात असतात. ते घ्यायचे राहिले, तर फॉरमॅटनंतर फाइल शाबूत असूनही पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. म्हणून फायलींसोबत फॉन्टही घ्यावेत, दुसऱ्या संगणकावर ते बसवून दोन-चार पाने उघडावीत, आणि जोडाक्षरे व रफार जागच्या जागी दिसले, की मगच मूळ डिस्कला हात लावावा.