मेल्यानंतर काय? मॉर्मन चर्चमध्ये अधिकृत किती आणि ऐकीव किती

मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, आणि त्यांच्याबद्दल नेटवर हमखास ऐकू येणारी गोष्ट म्हणजे मेल्यावर त्यांना स्वतःचा एक ग्रह मिळतो. ही गोष्ट आली कुठून आणि चर्च ती खरंच मानतं का हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं, कारण या धर्मात परलोकाची कल्पना एका दमात आलेली नाही, ती थोडी थोडी करत आली, आणि त्यातलं काही धर्मग्रंथात गेलं तर काही नुसतं भाषणांमध्ये राहिलं. माझ्या मते हा फरक न बघता केलेली कुठलीही टीका किंवा कौतुक अर्धवटच राहतं.

सुरुवात घरातल्या एका मृत्यूपासून होते. संस्थापक जोसेफ स्मिथचा मोठा भाऊ अल्विन १९ नोव्हेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यात पालमायराजवळ वारला, वय फक्त २५, आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. धाकट्या भावाने, विल्यमने, नंतर सांगून ठेवलंय की अंत्यविधीला आलेल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्र्याच्या बोलण्याचा रोख अल्विन नरकात गेला असाच होता आणि वडिलांच्या ते फार मनाला लागलं. त्यात यांचे आजोबा असाएल स्मिथ युनिव्हर्सलिस्ट विचारांचे, म्हणजे शेवटी सगळ्यांचाच उद्धार होतो असं मानणारे. त्यामुळे हा प्रश्न या घरात आधीपासून जिवंत होता.

१८३० मध्ये बुक ऑफ मॉर्मन हा या चर्चचा स्वतःचा धर्मग्रंथ आला आणि चर्च स्थापन झालं तेव्हा मात्र मांडणी बरीचशी नेहमीचीच होती, स्वर्ग किंवा नरक. खरा बदल १६ फेब्रुवारी १८३२ चा. ओहायोतल्या हायरम गावी जॉन जॉन्सनच्या घरात जोसेफ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन या दोघांनी दर्शन झाल्याचं सांगितलं, आणि त्यात एकदम तीन राज्यं आली. सूर्यासारखं सेलेस्टियल, चंद्रासारखं टेरेस्ट्रियल आणि ताऱ्यांसारखं टेलेस्टियल. सगळ्यात खालच्या राज्यात खोटारडे, व्यभिचारी वगैरे लोक आधी नरकात शिक्षा भोगून येणार, पण तिथलं वैभवही माणसाच्या समजुतीपलीकडचं असं लिहिलंय. कायमचे बाहेर राहणारे अगदी मोजके. त्या काळच्या अमेरिकेत हे पचायला सोपं नव्हतं, पुढे चर्चचा प्रमुख झालेला ब्रिगम यंगसुद्धा म्हणाला की हे त्याच्या लहानपणापासूनच्या शिकवणीच्या इतकं उलट होतं की त्याला ते काही काळ बाजूला ठेवावं लागलं.

मग २१ जानेवारी १८३६ ला ओहायोतल्याच कर्टलंडमध्ये जोसेफला पुन्हा दर्शन झालं आणि त्यात अल्विन सर्वात वरच्या राज्यात दिसला. बाप्तिस्मा नसताना हा इथे कसा, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. उत्तर असं मिळालं की संधी मिळाली असती तर ज्यांनी मनापासून स्वीकार केला असता तेही वारसदार. ऑगस्ट १८४० मध्ये इलिनॉय राज्यातल्या नॉवू इथे एका अंत्यविधीच्या भाषणात त्याने मृतांसाठी बाप्तिस्म्याची शिकवण मांडली, आधार म्हणून पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं १५:२९ हे वचन. महिन्याभरातच जेन नेमन नावाच्या बाईने मिसिसिपी नदीत उभं राहून वारलेल्या मुलाच्या वतीने बाप्तिस्मा घेतला, आणि विधीचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून व्हिएन्ना जॅक्स ही दुसरी बाई घोडा घेऊन सरळ पाण्यात उतरली होती. विधी पूर्वजांसाठी करायचा तर पूर्वजांची नावं हवीत, म्हणून या चर्चने पुढे जगभरच्या वंशावळी जमवल्या, अगदी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्मसुद्धा केले. मृत आत्मा हा विधी नाकारूही शकतो असं ते मानतात.

आता ग्रहाकडे. ७ एप्रिल १८४४ ला जोसेफने किंग फॉलेट नावाच्या वारलेल्या मित्राच्या निमित्ताने भाषण केलं, त्यात देव स्वतः एकेकाळी आपल्यासारखाच होता आणि माणसानेही देव व्हायला शिकायचंय असं मांडलं. चार जणांनी त्याची टिपणं घेतली, अडीच महिन्यांत जमावाने जोसेफला कार्थेजच्या तुरुंगात मारलं. एवढं गाजलेलं भाषण, पण ते धर्मग्रंथात कधीच गेलं नाही! माणूस देवासारखा होऊ शकतो हे चर्च आजही शिकवतं, स्वतःच्या ग्रहाचं चित्र मात्र २०१४ च्या निबंधात त्यांनी विपर्यास म्हणून बाजूला केलं. आणि देवही पूर्वी माणूस होता, या अर्ध्या भागाबद्दल १९९७ मध्ये त्यावेळचे अध्यक्ष हिंकली यांना टाइम मासिकाने विचारलं तर आम्ही ते शिकवतो असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं.

मग अधिकृत म्हणजे नक्की काय? बायबल धरून चार धर्मग्रंथ, आणि त्यांच्यात भर घालायची तर सभासदांपुढे ठेवून हात वर करून मान्यता. अल्विनच्या दर्शनाला ही मान्यता मिळाली ती थेट ३ एप्रिल १९७६ ला, म्हणजे १४० वर्षांनी. त्याच दिवशी संस्थापकाचे पुतणे आणि पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले जोसेफ एफ. स्मिथ यांचं ऑक्टोबर १९१८ चं दर्शनही आत आलं, मृतांच्या जगात सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कशी पोचते ते सांगणारं, जे त्यांना महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झाच्या वर्षात, स्वतःचा मुलगा गेल्यानंतर झालं होतं. याच्या उलटंही घडलंय. ब्रिगम यंगने १८५२ पासून आदाम हाच देव अशी शिकवण दिली आणि १९७६ मध्येच अध्यक्ष किंबॉल यांनी ती जाहीरपणे नाकारली. २००७ मध्ये चर्चने निवेदनच काढलं की एका नेत्याने एकदा केलेलं विधान हे बऱ्याचदा त्याचं वैयक्तिक मत असतं, सिद्धांत नाही.

पण सामान्य कुटुंबाला भिडणारा प्रश्न वेगळाच आहे, खालच्या राज्यात गेलेला माणूस कधी वर येऊ शकतो का? ज्या आईबापांचा मुलगा चर्च सोडून गेलाय त्यांच्यासाठी हा नुसता वादाचा विषय नाही. १९५२ मध्ये चर्चच्या सर्वोच्च कार्यालयातून सचिवाच्या सहीने उत्तर गेलं होतं की यावर निश्चित सिद्धांत कधी जाहीर केलेला नाही, काही नेत्यांना ते शक्य वाटत आलंय. १९८० मध्ये ब्रूस मॅकॉन्की या प्रेषिताने (हे चर्चमधल्या वरिष्ठ नेत्याचं पद) ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीतल्या भाषणात हीच कल्पना सात घातक पाखंडांमध्ये घातली. पत्र धर्मग्रंथ नाही आणि भाषणही नाही. नाही म्हणणारे १८३२ च्या दर्शनातली ओळ दाखवतात, की देव आणि ख्रिस्त जिथे राहतात तिथे टेलेस्टियलवाले कधीच येऊ शकत नाहीत, आणि हो म्हणणारे त्याच दर्शनात शिक्षेलाही शेवट आहे याकडे बोट दाखवतात.