रामदास बोट आणि वाचनालयांतल्या फायली : पार्श्वभूमी

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला काशाच्या खडकाजवळ उलटली, हे अलिबाग-उरणकडे नव्यानं सांगावं लागत नाही. अडचण येते ती त्याबद्दल वाचायला बसलं की. कोकणात वाचनालयं काही कालची नाहीत. रत्नागिरीतलं १८२८ चं, चिपळूणचं १८६४ चं. तरी ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात एकाच दिवशी गेलेल्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटींविषयी वाचायला फारसं हाती लागत नाही. ‘रामदास’चं तसं होऊ नये.

दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजमुद्रा उठली. फाळणी, संस्थानं, सीमा यांच्या गदारोळात रेवसची बोट मागे पडली. शिवाय आज घरात येणारी बरीच मराठी दैनिकं तेव्हा निघालीच नव्हती, त्यामुळे सगळी मदार त्या वेळच्या मोजक्या पत्रांच्या बांधीव फायलींवर. गटारीसाठी गावी निघालेली माणसं, उसळलेला समुद्र, रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांत ओढून घेतलेले जीव, हे शोधायचं ते तिथेच.

सगळ्यात जास्त घोळ आहे मृतांच्या आकड्याचा. कुठे सव्वासहाशे, कुठे सातशेच्या घरात. मोठा आकडा म्हणजे अतिशयोक्ती, असं म्हणून तो बाजूला सारणं मला पटत नाही. फेरीबोटीच्या प्रवाशांची नावनिशी यादी नसते, मांडीवरचं पोर तर मोजलंच जात नाही. मृत्यूची नोंद व्हायची गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, आणि तीही मृत्यू जिथे झाला तिथल्या गावात. ज्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं त्याची नोंद त्या किनाऱ्यावर होणार. ज्याचं मिळालंच नाही, त्याची कुठे? कायद्यानं अशा माणसाला मृत धरायचं तर सात वर्षं थांबायचं. घरच्यांनी तेव्हाच सुतक पाळलेलं, पण सरकारी कागदावर माणूस बेपत्ताच. म्हणून छापलेला एकच आकडा उतरून घेण्यापेक्षा फायली आणि कोतवाल बुकं शेजारी ठेवून वाचायला हवीत.

१९६७ च्या कायद्यानं वाचनालयांना वर्ग आणि अनुदान मिळालं, आणि त्याबरोबर निर्लेखनही, म्हणजे जुना साठा दप्तरातून कमी करणं, रुळलं. जागा अपुरी, कागद पिवळा पडलेला, मग जुन्या फायली रद्दीत. कादंबरीची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. १९४७ च्या जुलैची फाईल एकदा गेली की त्या गावापुरती गेलीच. हा निर्णय समितीनं एका बैठकीत उरकण्याइतका लहान नव्हे. चिपळुणात २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला पाणी थेट वाचनालयात शिरलं. तळमजल्यावरच्या कपाटात एकुलती एक प्रत ठेवण्याचा धोका त्यानंतर कुणाला पटवून द्यावा लागू नये.

१९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, पण जुन्या याद्या आणि गॅझेटियर ‘कुलाबा’खालीच आहेत. नुसतं रायगड शोधून उठून जाणारे पुष्कळ. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं तालुक्या-तालुक्यांतून बाहेर काढून तपासली गेली. त्याच वह्यांमध्ये १९४७ च्या जुलै-ऑगस्टची पानं आहेत. रेवस, मांडवा, उरण इथल्या वह्यांपासून सुरुवात करता येईल.