केशरी कार्ड आहे, पण धान्य मिळत नाही? आधी शिक्का बघा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात, तेव्हा गाठोड्यात नागलीचं पीठ असतं. पोरांना मात्र आता पोळी आणि भात लागतो, आणि तो बराचसा रेशनवरच चालतो. देशभरात ग्रामीण घरखर्चातला तृणधान्याचा वाटा १९९९-२००० मध्ये २२ टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्याही खाली आला. पण ही सरासरी झाली. रोजंदारीवरच्या घरात माणशी पाच किलो धान्य आजही फार मोठा आधार आहे.

कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतं. धान्यासाठी मात्र 'प्राधान्य कुटुंब' यादीत नाव लागतं, आणि तिची उत्पन्नमर्यादा शहरात ५९,००० तर गावात ४४,००० रुपये आहे. कार्डावर तसा शिक्का आहे का आणि बारा अंकी नंबर पडलाय का, ते आधी बघा. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, कुटुंबामागे ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

नवीन कार्डासाठी नमुना १ भरायचा. नाशिक शहरात धान्य वितरण अधिकाऱ्यांकडे, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत. सोबत सगळ्यांची आधार कार्डं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वीजबिल किंवा भाडेकरार, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि कुटुंबप्रमुख बाईचा फोटो. हो, बाईचाच. कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते.

नवी सून आली की माहेरच्या कार्डातून नाव कमी करायला नमुना ९, त्याचा दाखला जोडून सासरी नमुना ८. हे जितके महिने लांबेल तितके महिने तिचे पाच किलो जातात. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलेला असेल तर पात्र असूनही नाव लगेच चढत नाही. म्हणून अर्ज दिल्याची पोच, तारखेसकट, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, कार्डावरच्या प्रत्येक माणसाची करावी लागते, पाच वर्षांवरच्या पोरांचीही. छाटणीच्या दिवसांत एका मावशींबरोबर मी दुकानात उभी होते. अंगठा पदराला पुसून पुसून त्यांनी चार वेळा मशीनवर टेकवला, चारही वेळा नकार आला. कात्री धरून रेषाच झिजलेल्या. अशांनी थांबून राहू नये. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवूनही काम होतं.

कामासाठी गाव सोडलेल्यांनी कार्ड बदलायची गरज नाही. सुरगाण्याच्या कार्डावर निफाडच्या दुकानातूनही धान्य मिळतं, फक्त नंबर आणि थंब लागतो. दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच १९६७ ला फोन लावा. आणि मशीनमधून निघालेली पावती मागून घ्या, तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो दुकानातच ताडून बघा.